दोन जुनी दारं आणि बार्शीची लहान गाडी

भाजी निवडत असाल तर निवडत ऐका, शिवणयंत्रावर बसला असाल तर बसल्या जागी ऐका. आज एका रेल्वेची गोष्ट सांगते. ही रेल्वे आपल्या जिल्ह्यातून शंभर वर्षांच्या आसपास धावली. आता तिचे रूळही जागेवर नाहीत. पण गेल्या महालक्ष्म्यांना ती तीन दिवस आमच्या ओसरीवर धावली, दोन जुन्या दारांवर.

दरवर्षी महालक्ष्म्यांपुढे काहीतरी देखावा असतोच. कोणी शेत करतं, कोणी विहीर, कोणी पंढरीची वारी. आमच्या गटाच्या बैठकीत एकीनं विचारलं, "औंदा आपली लहान गाडी केली तर?" आपल्या भागात बार्शी लाइट रेल्वेला कोणी एवढं लांब नाव घेत नव्हतं. कोणी लहान गाडी म्हणायचं, कोणी बार्शीची गाडी.

कल्पना मला लगेच पटली. कारण पुण्याला कोथरूडमध्ये मी एकदा जोशींचं लहान रेल्वेंचं संग्रहालय पाहिलं होतं. भाऊ जोशी नावाच्या गृहस्थांनी उभं केलेलं, १९९८ साली लोकांसाठी उघडलेलं. एका दालनात अख्खं शहर: रस्ते, पूल, दिवे, सिग्नल, आणि त्यातून धावणाऱ्या बोटभर उंचीच्या गाड्या. जर्मनीत हॅम्बुर्ग शहरात तर २००१ पासून असं एक ठिकाण आहे, जिथं खेळण्यातल्या रुळांचीच लांबी पंधरा किलोमीटरच्या वर गेली आहे. जगभर हा मोठ्या माणसांचा छंद आहे, आणि महाग आहे. आमच्याकडे पैसे नव्हते. आमच्याकडे अकरा बायका होत्या, शिवणकामातल्या चिंध्या होत्या, आणि वाड्याची पडझड झाली तेव्हा काढून ठेवलेली दोन दारं होती.

पहिला प्रश्न आला मापाचा. खरी रेल्वे केवढी, आपली केवढी? शाळेतल्या पोरींनी सोपं गणित काढलं. एका फुटाला एक सेंटिमीटर. शाळेची पट्टी घेतली की झालं. पाच फुटी बाई पाच सेंटिमीटरची, म्हणजे काड्यापेटीच्या लांबीएवढी. सहा फुटी दार सहा सेंटिमीटरचं. आणि रूळ? दोन रुळांमधलं अंतर त्या लहान गाडीचं होतं अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आमच्या दारावर ते अडीच सेंटिमीटर झालं. आता धाराशिवला जी मोठी गाडी येते तिच्या रुळांत साडेपाच फूट अंतर असतं. पोरींनी दोन्ही मापं कागदावर शेजारी शेजारी काढली, तेव्हा लहान गाडी किती लहान होती ते डोळ्यांना कळलं. मालडबा मात्र पंचवीस फूट लांब आणि सात फूट रुंद. म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या रुळांवर सात सेंटिमीटर रुंदीचा डबा. दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, जणू लहान पाटावर मोठं ताट.

घरं, डबे, माणसं मापात बसली. अंतर काही बसेना. कुर्डुवाडी ते बार्शी एकवीस मैल. एका फुटाला एक सेंटिमीटर धरलं तरी ते अंतर अकराशे मीटर होतं. म्हणजे आमच्या ओसरीवरून निघालेली गाडी गावाची वेस ओलांडून कोणाच्या तरी ज्वारीत जाऊन थांबली असती. मग आम्ही ठरवलं की घर, डबा आणि माणूस मापात ठेवायचा, आणि अंतर दुधासारखं आटवायचं. एका दारावर कुर्डुवाडी आणि बार्शी. दुसऱ्या दारावर येडशी, तडवळे, ढोकी आणि शेवटी लातूर.

दोन्ही दारं जोडली तेव्हा मधे एक फट राहिली. ती बुजवायला कोणी लगदा आणला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही फट बुजवायची नाही. बार्शी होती इंग्रजांच्या मुलखात. पांगरीच्या पुढं आलं की येडशीपासून निजामाचं राज्य. अलीकडं कलदार रुपया, पलीकडं हाली सिक्का. राज्य वेगळं, कायदा वेगळा, आणि गाडी एकच. १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात आलं तोवर ती फट खरी होती. आम्ही तिच्यावर एक बांबूची पट्टी टाकली, फक्त रुळांपुरती.

आता ही गाडी आली कुठून ते सांगते. मुंबईहून सोलापूरला जाणारी मोठी रेल्वे १८६३ पर्यंत तयार झाली. ती बार्शीला आलीच नाही. बार्शी म्हणजे कापसाची, धान्याची मोठी पेठ. भगवंताचं देऊळ तिथं, आडत तिथं. आणि सगळ्यात जवळचं स्टेशन एकवीस मैलांवर, कुर्डुवाडीला. त्या स्टेशनाचं नावच होतं बार्शी रोड. कापसाच्या गाड्या भरायच्या, बैल जुंपायचे आणि धुळीतून, पावसाळ्यात चिखलातून बार्शी रोडला न्यायच्या.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज अभियंता १८८२ साली मुंबईकडच्या रेल्वेत नोकरीला आला होता. त्यानं ही बैलगाड्यांची रांग पाहिली. मोठी रेल्वे घालावी एवढा माल नाही, आणि बैलगाडीनं भागेल एवढा कमीही नाही, हे त्यानं ओळखलं. त्यानं १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली आणि १८९७ साली बार्शी रोड ते बार्शी ही लहान रेल्वे सुरू केली. पुढं १९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला. मिरज ते लातूर, सव्वातीनशे किलोमीटर. देशात रेल्वे सरकारची झाल्यावरही बार्शीची कंपनी काही वर्षं वेगळीच राहिली होती, ती १९५४ साली सरकारनं घेतली.

कॅलथ्रॉपचं डोकं कसं चालायचं ते आम्हाला पुस्तकातून नाही, एका फजितीतून कळलं.

आमचे रूळ होते जुन्या टोपलीच्या कामट्यांचे. स्लीपर म्हणून आइसक्रीमच्या काड्या पाच-पाच सेंटिमीटरच्या कापल्या. चाकं केली बटणांची. रेल्वेच्या चाकाला आतल्या बाजूनं एक उंच कडा असते, ती कडाच चाकाला रुळावरून घसरू देत नाही. म्हणून कोटाचं मोठं बटण आतून आणि सदऱ्याचं लहान बटण बाहेरून, असं जोडून चिकटवलं. आस म्हणून उदबत्तीची काडी. इंजिनाला दोरा बांधला आणि दोन्ही टोकांना दोन रिळं बसवली. एकीनं गुंडाळायचं, दुसरीनं सोडायचं.

पहिल्या दिवशी गाडी तीनदा घसरली. बघितलं तर रुळांतलं अंतर कुठं अडीच सेंटिमीटर, कुठं सव्वादोन. मग पुठ्ठ्याची एक अडीच सेंटिमीटरची पट्टी कापली आणि प्रत्येक काडीवर ती ठेवूनच कामटी चिकटवली. रुळांवर काम करणाऱ्या माणसांकडंही अशी मापाची पट्टी असते.

दुसऱ्या दिवशी वेगळंच झालं. इंजिन हलकं, ते उड्या मारत चाललं. म्हणून एकीनं त्याच्या पोटात मुठीएवढा दगड घातला. रामलिंगच्या घाटात आम्ही कामट्यांचा पूल केला होता. इंजिन पुलावर आलं, कामटी वाकली आणि इंजिन दरीत. दरी म्हणजे वर्तमानपत्राच्या लगद्याची, पण आवाज झालाच.

मग काय केलं? दगड काढला. बारीक खडीच्या आठ चिंध्या बांधल्या. इंजिन आणि मागचे डबे, सगळ्यांत वाटून ठेवल्या. एकूण वजन तेच. पूल हलला पण नाही.

हेच कॅलथ्रॉपनं केलं होतं. त्यानं ठरवलं होतं की आपल्या गाडीच्या कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, इंजिनाच्याही नाही आणि भरलेल्या डब्याच्याही नाही. म्हणून त्याचं इंजिन लहान असूनही बारा चाकांचं होतं, इंग्लंडमधल्या लीड्स गावी किटसनच्या कारखान्यात बनवलेलं. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला की रूळ हलके चालतात. त्याचे रूळ होते मीटरला जेमतेम पंधरा किलोचे. आज मोठ्या मार्गावर मीटरला साठ किलोचे रूळ घालतात. हलका रूळ म्हणजे कमी लोखंड, हलके पूल, कमी भांडवल. भरल्या दोन घागरी एकाच हातात घेऊन चाललं तर खांदा निखळतो, डोक्यावर एक आणि कडेवर एक घेतली की तेवढंच पाणी घरी येतं. आपल्याला हे कोणी इंजिनिअरनं शिकवलेलं नाही.

ही गाडी इतकी जमली की इंग्लंडमध्येही तिची बहीण झाली. स्टॅफर्डशायर परगण्यात १९०४ साली अडीच फुटी रुळांची एक रेल्वे निघाली, तिचा अभियंता कॅलथ्रॉपच. तिच्या एका इंजिनाला त्याचं नाव दिलं होतं. ती १९३४ ला बंद पडली. आपली बार्शीची त्यानंतरही सत्तर वर्षं धावली.

आता आमच्या दारांवरची गावं बघा. कुर्डुवाडीला मोठी रेल्वे आणि लहान रेल्वे शेजारी शेजारी उभ्या. लहान गाडीचा डबा मोठ्या रुळांवर जात नाही, म्हणून कापसाची प्रत्येक गाठ एका डब्यातून उतरवायची आणि दुसऱ्यात चढवायची. तिथं आम्ही हमाल ठेवले, पाठीवर कापसाच्या गाठी घेतलेले. गाठी खऱ्या कापसाच्या, दोऱ्यानं आवळून बांधलेल्या. शेजारी रेल्वेचा कारखाना, बिस्किटांच्या पुठ्ठ्याचा.

बार्शीला भगवंताचं देऊळ, जिनिंगची उंच चिमणी, आडत बाजार आणि पाण्याची टाकी. वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर पाणीही लागतं, म्हणून स्टेशनाला टाकी. येडशीच्या पुढंमागं बालाघाटाचा डोंगर, रामलिंगाचं देऊळ आणि माकडं. माकडं आम्ही चिंचोक्यांची केली. लगद्यावर शेण-मातीचा हात फिरवला, त्यावर हिरवा रंग दिलेला लाकडाचा भुसा पेरला. तुरीच्या काड्यांची झाडं झाली.

येडशीला एक टांगा उभा केला. का, तर आपल्या जिल्ह्याच्या गावाला रेल्वे नव्हती. धाराशिवला, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादला जायचं तर येडशीला उतरायचं आणि पुढं वीसेक किलोमीटर रस्त्यानं. जिल्हा कचेरी एकीकडं, स्टेशन दुसरीकडं.

तडवळ्याला स्टेशनाचं नाव कळंब रोड. तिथं आम्ही एक सजवलेली बैलगाडी ठेवली. २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ ला कसबे तडवळ्यात महार-मांग वतनदारांची परिषद भरली होती, आणि तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. बाबासाहेब रेल्वेनं आले आणि स्टेशनापासून गावात बैलगाडीतून मिरवत नेले, असं तिथले लोक अजून सांगतात. गाडीला किती बैल होते तेही सांगतात, एकावन्न. आमच्या दारावर एकावन्न बैलांना जागा नव्हती. आम्ही सहा जोड्या केल्या आणि बाकीच्या मनात धरा म्हणालो.

ढोकीच्या बाजूला तेर. गोरोबाकाकांचं गाव. मातीचं काम तिथं करायचं म्हणून मडक्यांचे खरे तुकडे लावले. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांमागं एका ग्रीक प्रवासवर्णनात तगराचं नाव आलंय. इथलं कापड गाड्यांवर लादून पार भडोचच्या बंदराला जायचं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे कॅलथ्रॉपनं पाहिलेली बैलगाड्यांची रांग त्याच्याआधी किती पिढ्यांची होती बघा. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या मातीच्या लहान लहान बाहुल्या आहेत. आपल्या मुलखात लहान माणसं करणं काही नवं नाही.

आणि शेवटी लातूर. तेव्हा लातूर आपल्याच जिल्ह्यात होतं, वेगळा जिल्हा झाला १९८२ ला. १९११ ला रेल्वे आली आणि १९१७ ला गंजगोलाईची गोल पेठ उभी राहिली. गंजगोलाईला आम्ही पिठाची जुनी चाळणी उलटी ठेवली आणि भोवती काड्यापेट्यांची दुकानं मांडली. ती सगळ्यांना फार आवडली.

महालक्ष्म्या यायच्या आदल्या संध्याकाळी सगळं तयार होतं. दिव्यांची माळ लावली, गाडी एकदा इकडून तिकडं नेली. आमच्या गटात वयानं सगळ्यात मोठ्या एक काकू आहेत. त्यांना खुर्ची दिली. त्यांनी चष्मा पुसला आणि कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत वाकून वाकून सगळं पाहिलं. मग म्हणाल्या, "लई झ्याक केलंय गं. पर ह्यात मी कुठं हाय?"

आम्ही हसलो. आणि मग कोणीच हसेना.

दारांवर चाळीस माणसं उभी होती. ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर, पोलीस, हमाल, टांगेवाला, आडत्या, दुकानदार. सगळे पुरुष. आम्ही अकरा बायकांनी पंधरा दिवस खपून चाळीस माणसं केली होती, आणि आमच्या हातून एकही बाई झाली नव्हती. कोणी मनाई केली नव्हती. रेल्वे म्हटलं की डोळ्यांपुढं जे आलं ते केलं, एवढंच.

काकूंनी सांगितलं ते असं. सीताफळाच्या दिवसांत त्या आणि त्यांच्या दोन जावा पहाटे डोंगरातून फळं उतरवायच्या. येडशीला गाडीत चढायच्या, टोपल्या बाकाखाली सरकवायच्या आणि बार्शीच्या बाजारात विकून संध्याकाळच्या गाडीनं परत. "नवऱ्याच्या घरात माझा पैसा असा तेवढाच," त्या म्हणाल्या. "त्यातनं पोराला शाळंची पाटी आणली. मालकाला सांगितलं, मास्तरनं दिली." गाडी सावकाश चालायची. घाटात तर खाली उतरून चालावं इतकी. पण टोपली घेऊन चढता येईल इतकी ठेंगणी होती आणि लहान स्टेशनातही थांबायची.

हे ऐकून मला रुळाखालची माती आठवली. आपल्या देशातली रेल्वेची, रस्त्याची, तलावाची माती बायांनी पाट्यांनी वाहिली आहे. दुष्काळी कामावर आपल्या आज्या-पणज्या गेल्या आहेत, आणि १८९७ हे सालही दुष्काळाचंच होतं. इंजिनावर कारखान्याच्या नावाची पितळी पट्टी असते. पाटीवर नाव नसतं.

त्या रात्री पुरणाची डाळ शिजत ठेवून आम्ही बाया करायला बसलो. सोललेली काडी, वर चिंध्यांचं पातळ, काळ्या दोऱ्याचा अंबाडा. खडी फोडणारी. पाटी वाहणारी. पंढरीला निघालेली, डोक्यावर तुळस घेतलेली. जिनिंगमधली, केसांत कापसाचे तंतू अडकलेली. तान्हं पोर घेऊन माहेरी निघालेली. बाजूला बसून कोळशाचे तुकडे वेचणारी. आणि येडशीच्या फलाटावर काकू, डोक्यावर टोपली. सीताफळं कशाची करायची? पोरीनं मोजून सांगितलं, दहा सेंटिमीटरचं सीताफळ आपल्या मापात तीन मिलिमीटरचं. धण्याचा दाणा! रंगानं, रूपानंही तसाच. टोपलीत एकोणीस धणे बसले.

पुढचे तीन दिवस हळदीकुंकवाला आलेली बाई आधी महालक्ष्म्यांना नमस्कार करायची आणि मग दारांपाशी थांबायची. एकीची आई ह्या गाडीनं आषाढीला गेली होती. एकीचं वऱ्हाड ह्या गाडीनं आलं होतं, आणि नवरदेव झोपून पुढच्या स्टेशनाला गेला होता. एकीनं काहीच सांगितलं नाही, पाटीवालीला बोट लावलं आणि गेली. पोरींनी वही काढली आणि सांगेल तिचं लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी वही लिहिणाऱ्या पोरीनंच एक प्रश्न काढला. "ही गाडी एवढी चांगली होती तर मोडली कशाला? काकूंची येडशी, एवढी स्टेशनं. मोठी गाडी आणून काय मिळालं?"

तिला मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. २००७ आणि २००८ साली लातूर ते कुर्डुवाडी रूळ रुंद झाले. मार्ग वळवला आणि पहिल्यांदाच धाराशिवला स्टेशन आलं. पुढं पंढरपूर-मिरजही रुंद झालं. मग २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला प्यायला पाणी नव्हतं. एप्रिल महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे निघाली, जलदूत. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटर. मिरज ते लातूर. म्हणजे बार्शीच्या लहान गाडीचं पहिलं टोक आणि शेवटचं टोक. जुन्याच वाटेनं, नव्या रुळांवरून पाणी आलं.

आता हिशोब कर म्हटलं. पन्नास हजार लिटर पाणी म्हणजे पन्नास टन. वाघिणीला चार आस. नुसत्या पाण्याचाच एका आसावर साडेबारा टन भार, लोखंडाचं वजन वेगळंच. कॅलथ्रॉपचा रूळ सोसायचा पाच. लहान गाडीनं ते पाणी आलं नसतं.

पोरगी गप्प झाली. काकू मात्र बोलल्या. त्यांनी ती पाण्याची गाडी आपल्या जिल्ह्यातून जाताना पाहिली होती. "पाणी आलं ते बरंच झालं," त्या म्हणाल्या. "पर ती आपल्या दारावरनं गेली, आणि आपल्या घागरी त्या सालीही रित्याच हुत्या. गाडी मोठी असू दे. ती थांबती कुठं आणि तिच्यात चढतं कोण, हे बघाया नको का?"

या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मी त्यांची वजाबाकी करून दाखवणार नाही. लहान गाडी गेल्याचं दुःख करताना लातूरच्या बायकांच्या रांगा विसरून चालणार नाही. आणि रुंद रुळांचं कौतुक करताना टोपली घेऊन चढणाऱ्या बाईचा पैसा बुडाला, हेही हिशोबात धरावं लागेल. उद्या आपल्या जिल्ह्यात रस्ता, रेल्वे, बाजार काहीही नवं येईल, तेव्हा त्याचा नकाशा कुठल्या तरी कचेरीच्या भिंतीवर लागेल. नकाशातल्या माणसांना तोंडं नसतात. ग्रामसभेत बसून विचारायचं ते आपणच. टोपली घेऊन बाई कुठं चढणार? घागर कुठं भरणार?

महालक्ष्म्यांची बोळवण झाली. देखावा उतरवला. कामट्या चुलीत गेल्या, बटणं परत डब्यात गेली, चाळणी तिच्या घरी गेली. दारं पुन्हा भिंतीला टेकवून ठेवली आहेत. औंदा पंढरपूरची शाखा जोडायची म्हणतात पोरी, म्हणजे तिसरं दार शोधावं लागणार.

ज्यांच्या घरात सत्तरीच्या पुढची सासू, आई, आत्या असेल त्यांनी आज एवढंच करा. ताट वाढताना विचारा, "लहान गाडीत कुठं चढायचात? टोपलीत काय असायचं? पैशाचं काय केलंत?" सांगतील ते वहीत उतरवा, तारीख घाला, आणि आपल्या रेडिओवर घेऊन या.

काकूंची पाच सेंटिमीटरची बाई मी मोडली नाही. ती माझ्या शिवणयंत्रावर उभी आहे. परवा टोपलीतले धणे मोजले तर अठराच भरले. एक कुठंतरी विकला गेला असणार.